पंधराला पोचते

मार्युन आली तेव्हा तिच्या बाह्यांना अजून कॉडचा वास होता.
अडतीस वर्षं क्लाक्सविकच्या कारखान्यात
माशांचे काटे काढून
बोटं अशी झालीत तिची, की साधा कागदसुद्धा
ती कणा शोधल्यासारखी चाचपते.
माझ्या टेबलावर तिने नकाशा उलगडला,
ग्रंथालयातला, परतीची मुदत केव्हाच उलटलेला,
आणि न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर बोट टेकवलं.
"इथे एक पूल आहे.
पायाला दोर बांधून खाली सोडतात."

मी या खिडकीशी बसून कोपनहेगनची तिकिटं विकतो,
हिवाळ्यात टेनेरिफची, उन्हाला आसुसलेल्यांना.
पायाला दोर बांधून घ्यायला
आजवर कुणी आलं नव्हतं.
"डोंगर आणि मेंढ्याच बघायच्या तर," मी म्हटलं,
"त्या तुझ्या दारात आहेत."
ती हसली नाही.
"वजन कळवावं लागतं म्हणे. एक्क्याऐंशी.
तसंच लिही. माझी लाज राखायला
एक किलोही चोरू नकोस."

मग बसलो मार्ग जुळवत.
आमच्या विमानतळावर धुकं उतरलं
की पहिल्याच घासाला खडा,
म्हणून कोपनहेगनला एक रात्र हाताशी ठेवली.
पुढे पूर्वेकडून, दोह्यावरून.
स्वस्त. गुडघ्यांनाही बरं.

"नको. पश्चिमेकडून."

पश्चिमेकडून महाग पडतं, मार्युन.
लॉस एंजेलिसला नऊ तास खुर्चीत काढायचे,
वर अमेरिकेची परवानगी, बोटांचे ठसे.
"घ्या म्हणावं, उरले असतील तर."
आणि मग, नकाशाची घडी घालता घालता,
"तेरा नोव्हेंबरला रात्री निघतं ते विमान.
पंधराला पहाटे पोचतं."
वेळापत्रक तिला माझ्यापेक्षा पाठ होतं.

मी चष्मा काढून ठेवला.

आमच्या गावात चौदा नोव्हेंबर
कुणी मोठ्याने म्हणत नाही.
सात जण होते त्या बोटीवर.
तिचा योग्वान स्वयंपाकी.
एकोणीस वर्षं झाली, दर चौदाला धक्क्यावर
पाद्री येतो, दिवे लागतात, वारा ते विझवतो,
मग सगळ्यांना कॉफी,
मग आपापल्या घरी.
आणि घरी तो दिवस असतोच.
उरलेला. लांबच लांब.

"त्या रेषेवरून गेलं की एक दिवस गळतो ना?
यंदा तोच गळू दे."

हो म्हणून मोकळा झालो असतो.
पैसे घेऊन पावतीही फाडली असती.
पण मी पेन्सिल काढली, पाकिटाच्या पाठीवर
तास मांडले.
चौदा येणार, मार्युन. अख्खी गळत नाही.
उडल्यावर तीन-चार तासांनी ती विमानाला गाठेल,
मग आठ-नऊ तास तुझ्यासोबत असेल,
सगळे काळोखातले,
खाली नुसतं पाणी.
मग रेषा. उजाडेल ते एकदम पंधराला.

तिने आकड्यांवरून बोट फिरवलं,
हळू, काटा लागेल अशा बेताने.
"सकाळचे पावणेआठ वाजतील त्यात?"

त्या वर्षी फोन पावणेआठला आला होता.

मी पुन्हा मोजलं. मग आणखी एकदा.
"नाही. सकाळच नाही तिला."
"मग चालेल," ती म्हणाली.
"खिडकीची जागा दे."

विम्याच्या अर्जात साहसी खेळांच्या चौकटीत
तिने इतकी जोरात खूण केली
की खालच्या पानावर उमटली.
छापखान्यातून निघालेलं तिकीट अजून कोमट होतं
तेव्हा मला आठवलं, आणि म्हटलं,
येताना उलटं होतं बरं का,
रेषेच्या अलीकडे एक दिवस दोनदा मिळतो.
परतीची तारीख तूच सांग.
कुठला हवाय दुप्पट?

बंदरात एक ट्रॉलर आत शिरत होता.
तो नांगर टाकेपर्यंत ती बघत राहिली.

"साधासा एखादा मंगळवार असेल तर बघ," मार्युन म्हणाली.
"काहीच न झालेला."